शिक्क्याचं अंडं

पोस्टमास्तरांनी कोंबड्या पाळल्या त्या अंड्यांसाठी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या माणसाने सगळी हयात सकाळच्या चहा-बिस्किटावर काढली, त्याला निवृत्तीनंतर एकाएकी परसात खुराडं बांधायची बुद्धी व्हावी, यामागे काहीतरी असणार, एवढं गल्लीतल्या सगळ्यांनी ओळखलं होतं. काय, ते मात्र कुणाला सांगता येईना. कोपऱ्यावर राहणाऱ्या कंपाउंडरचं म्हणणं असं, की एकट्या माणसाला घरात आवाज लागतो. मुलाने परगावाहून फोनवर विचारलं, "बाबा, झोप लागते ना नीट?"

खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

दोन घरांच्या परसांमध्ये खांद्याइतकी भिंत होती आणि पलीकडच्या घरात ग्रंथपालबाई भाड्याने राहायला आल्या होत्या. त्याही निवृत्त. आईची सेवा करण्यात लग्नाचं राहून गेलं, आणि मग आईही गेली. सगळा जन्म वाचनालयात गेल्यामुळे बाई अजून हळू आवाजात बोलायच्या, जणू आसपास कुणीतरी वाचत बसलंय. पोस्टमास्तरांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्याबद्दल ते कुणाशी बोलत नसत. पण संध्याकाळी आपण हल्ली घरात एकाच खोलीचा दिवा लावतो, हे बाई राहायला आल्यापासून त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. पलीकडेही एकाच खोलीचा दिवा लागायचा.

तर एकदा बाई दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाल्या, "घरच्या अंड्याची चव वेगळीच असते, नाही?"

एवढंच. हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या, भिंतीला, कपड्यांना की पोस्टमास्तरांना, ते स्पष्ट नव्हतं. पण पत्ता अर्धवट असला तरी टपाल पोचवायचं, या शिस्तीत वाढलेला माणूस. पोस्टमास्तरांनी ते आपल्या नावावर घेतलं.

खुराडं बांधायला जो सुतार आणला, त्याने आयुष्यात फक्त कपाटं आणि कार्यालयांतले कप्पे केले होते. त्याने जे बांधलं ते हुबेहूब टपाल वर्गीकरणाचं कपाट झालं. पोस्टमास्तरांना ते बघून भरून आलं. त्यात तीन कोंबड्या आल्या आणि आपापला कप्पा धरून बसल्या. सगळ्यात जाड होती ती पार्सल. दुसरी सकाळी उजाडायच्या आत सगळ्या गल्लीला ओरडून काहीतरी तातडीचं कळवायची, ती तार. तिसरीचं अंडं आज येईल, उद्या येईल असं करता करता भलत्याच दिवशी यायचं. ती मनीऑर्डर.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या काकू म्हणाल्या, कोंबड्यांना आरसा लावा, रमतात. कुणी म्हणालं रेडिओ लावा. कंपाउंडर तर रोज येऊन खुराड्यापुढे हात मागे बांधून उभा राहायचा. त्याने एका दवाखान्यात उभा जन्म पुड्या बांधल्या होत्या, आणि डॉक्टर वारल्यावर उरलेली औषधं व उरलेलं ज्ञान दोन्ही घरी आणलं होतं. "यांना काही झालं तर मला हाक मारा," तो म्हणायचा. "जनावर आणि माणूस, आतून सगळं एकच."

पहिलं अंडं आलं त्या दिवशी पोस्टमास्तरांनी दाढी केली. अंडं वाटीत ठेवलं, वाटी भिंतीवर ठेवली आणि खाकरले. बाई आल्या.

"हे काय?"

"तुम्ही म्हणाला होता ना."

बाईंना आपण काय म्हणालो होतो ते आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा त्या हसल्या, आणि पोस्टमास्तरांना सुताराचा, दाण्यांचा आणि गल्लीच्या टवाळीचा सगळा त्रास वसूल झाल्यासारखा वाटला.

यातली खरी गंमत त्यांना संध्याकाळी कळली. बाई वाटी धुऊन परत द्यायला आल्या. म्हणजे एका अंड्यात दोन भेटी होत्या. सकाळची घाईची, कारण बाईंचं दूध गॅसवर असायचं. संध्याकाळची मात्र सैल. वाटी देऊन झाली तरी बाईंचा हात भिंतीवर राहायचा. मग कधी शेवटची पानं फाटलेल्या पुस्तकांबद्दल बोलणं निघायचं, कधी पत्ता न सापडलेल्या पत्रांबद्दल. एकदा बाईंनी सांगितलं, की तरुणपणी घसा धरला म्हणून कुणीतरी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि जीभ सुजून तोंडात मावेना.

"दवाखान्यातून परत येईन असं घरी कुणाला वाटलं नव्हतं," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हापासून पर्समध्ये त्या औषधाच्या नावाची चिठ्ठी ठेवते. कुठे रस्त्यात पडले तर लोकांना कळावं. घरचं माणूस बरोबर असेलच असं नाही ना."

शेवटचं वाक्य त्या अगदी सहज म्हणाल्या. पोस्टमास्तर ते घेऊन घरात गेले आणि आमटीत दोनदा मीठ घालून बसले.

असं छान चाललेलं असताना एका सकाळी तार गप्प झाली.

गल्लीतले लोक उशिरा उठले आणि खूश झाले. पोस्टमास्तर खुराड्याशी गेले तर तार मान आखडून बसलेली, डोळ्यांत पाणी, अधूनमधून शिंक. कोंबडी शिंकते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. तो हाक मारायच्या आधीच फाटकात होता.

"छातीत कफ," त्याने लांबूनच निदान केलं आणि खिशातून कॅप्सूलची पाकिटं काढली. कॅप्सूल उघडून त्यातली पावडर त्याने पाण्याच्या भांड्यात झटकली. "आणि एकीला देऊन भागत नाही. सगळ्या कुटुंबाला द्यायचं."

"कसलं औषध आहे?"

"भारीतलं," कंपाउंडर म्हणाला. औषधाबद्दल याहून अधिक त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस तिघींनी ते पाणी प्यायलं. तार काही बोलली नाही. तेव्हा पोस्टमास्तरांनी तिला बाजाराच्या पिशवीत बसवलं, फक्त डोकं बाहेर ठेवलं, आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. बाकावर एक मोठा कुत्रा, दोन शेळ्या आणि त्यांची माणसं बसली होती. एका खात्याचे माजी प्रमुख अधिकारी या नात्याने पोस्टमास्तर ताठ बसले. पिशवीतली कोंबडी शेजारच्या शेळीकडे बघत शिंकत होती, त्यामुळे ताठपणाचा व्हावा तसा परिणाम झाला नाही.

डॉक्टर त्यांच्या सुनेच्या वयाची मुलगी होती. तिने तारेच्या चोचीत, डोळ्यांत, पंखाखाली बघितलं. "सर्दी आहे काका. ऊब ठेवा, कोरडं ठेवा, भुसा बदला. आपोआप बरी होईल. काही दिलं तर नाहीत ना?"

पोस्टमास्तरांनी पाकीट पुढे केलं. डॉक्टरने नाव वाचलं आणि एक सुस्कारा सोडला. असा सुस्कारा ती दिवसातून बऱ्याच वेळा सोडत असावी.

"हे माणसांचं अँटिबायोटिक आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातलं. या सर्दीवर त्याचा काही उपयोग नाही. वर असं अंदाजाने दिलेलं औषध जंतूंना मारत नाही, शहाणं करतं. उद्या खरं दुखणं आलं की हेच औषध चालायचं नाही." मग तिने विचारलं, "अंडी देतात का?"

"देतात."

"सगळ्या एकाच भांड्यातलं पाणी पितात?"

"एकाच."

"मग तिघींचीही अंडी मी सांगेपर्यंत कुणी खायची नाहीत. औषध अंड्यात उतरतं. टाकून द्या, खोल पुरा."

"उकडून खाल्लं तर?" पोस्टमास्तरांनी विचारलं. घराण्याचं नाव त्यांच्या डोक्यात अजून नीट शिरायचं होतं.

"उकडून जंतू मरतात. औषध जाईल याचा भरवसा नाही. एरवी दोन अंड्यांनी कुणाला काही होत नाही म्हणा, पण एखाद्याला त्या औषधाचं वावडं असलं तर..."

पुढचं पोस्टमास्तरांनी ऐकलं नाही. कालची वाटी आणि आजची वाटी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ते पिशवी उचलून निघाले. हे गृहस्थ निवृत्तीनंतर पळताना लोकांनी प्रथमच पाहिले, आणि पळताना त्यांच्या काखेत कोंबडी होती. भर रस्त्यात ती तार, नेमकी त्या क्षणी, बरी झाली. सगळ्या रस्त्याला ओरडून कळवत ती घरापर्यंत आली.

बाई पायरीवर शेंगा निवडत होत्या.

"आजचं अंडं," पोस्टमास्तर धापा टाकत म्हणाले, "खाल्लंत?"

"हे काय आत्ताच. छान होतं."

"आणि कालचं?"

"तेही. का हो?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पोस्टमास्तरांना ते तेव्हाही कळत होतं. पण समोर बाई होत्या, त्यांच्या मांडीवर सूप होतं, चेहऱ्यावर ऊन होतं, आणि ज्या बाईंनी पर्समध्ये चिठ्ठी ठेवलीय त्यांना मी ते औषध स्वतःच्या हाताने वाटीतून आणून दिलं, हे वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर येईना.

"सहज," ते म्हणाले. "चवीचं विचारत होतो."

तो दिवस त्यांनी भिंतीशी काढला. बाईंचा चेहरा दिसत राहायला हवा होता. ओठ सुजतायत का, गालावर पुरळ येतंय का. काही दिसलं असतं तर उचलून दवाखान्यात न्यायची त्यांची तयारी होती, रिक्षावाल्याला थांबून राहायला सांगितलंही होतं. आधी ते सुईदोरा मागायला गेले. मग सुईदोरा परत द्यायला गेले. मग आपलं घड्याळ मागे पडलंय का ते विचारायला. मग काही जळाल्याचा वास येतोय का ते विचारायला. प्रत्येक वेळी ते बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत, आणि बघून झालं की निःश्वास सोडत. बाई आधी गोंधळल्या. नंतर नुसत्या खाली बघून हसल्या. शेवटच्या खेपेला बाहेर आल्या तेव्हा त्यांनी केस नीट बांधले होते आणि साडी बदलली होती. पोस्टमास्तरांना त्यातलं एवढंच दिसलं, की कानामागे पुरळ नाही.

बाईंना काही झालं नाही. थोडक्यात निभावलं. पण प्रश्न दुसऱ्या सकाळी उभा राहिला. कप्प्यांत दोन अंडी होती, हातात वाटी होती, आणि वाटीत घालायला काही नव्हतं.

कारण न सांगता वाटी बंद करावी, तर बाई काय समजतील? शिवाय सकाळी वाटी गेली नाही तर संध्याकाळी ती परत कशी येणार? हा हिशोब साधा होता आणि पोस्टमास्तरांना त्यातून सुटका दिसेना. त्यांनी घरची अंडी परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरली, पिशवी घेतली आणि किराणा दुकान गाठलं.

"या अंड्यांच्या कोंबड्यांना औषध देतात का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "साहेब, माझी आणि त्या कोंबड्यांची ओळख नाही."

म्हणजे इथेही खात्री नव्हती. खात्री हवी तर तपासणी हवी. पोस्टमास्तर तिथली अंडी घेऊन अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले आणि खिडकीपुढे उभे राहिले. खिडकीच्या या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती. आतला माणूस चहा पीत होता.

"नोंदणी क्रमांक?"

"कसला?"

"फार्मचा."

"फार्म नाही. घरच्या तीन कोंबड्या आहेत. शिवाय ही अंडी दुकानातली आहेत."

"मग दुकानाचा नोंदणी क्रमांक. आणि एका खेपेची तीस अंडी लागतील."

"मला रोज एकच अंडं तपासून हवंय."

आतल्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला. "तपासायला अंडं फोडावं लागतं, काका. तपासलेलं अंडं परत मिळत नाही."

पोस्टमास्तर खिडकीपासून बाजूला झाले. शेवटी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात त्यांना औषधाविना वाढवलेल्या कोंबड्यांची म्हणून अंडी मिळाली. डब्यावर तसं छापलेलं होतं. छापील मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही तर मग कशावर ठेवायचा, असं मानणाऱ्या पिढीतले ते. पण घरी येऊन डबा उघडला तर प्रत्येक अंड्यावर तारखेचा जांभळा शिक्का.

हा अपमान खास त्यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखा होता. ज्या हातांनी आयुष्यभर शिक्के मारले, त्याच हातांनी आता शिक्का खोडायचा. त्यांनी लिंबू लावलं, खाण्याचा सोडा लावला, जुन्या दातांच्या ब्रशने घासलं. शिक्का गेला, पण अंडं असं पांढरंफेक आणि गुळगुळीत निघालं की त्याला कुणी घरचं म्हटलं नसतं. घरच्या अंड्याला थोडा भुसा असतो, एखादं पीस असतं, इकडेतिकडे काही लागलेलं असतं. पोस्टमास्तरांनी ते अंडं खुराड्याच्या भुशात नेऊन मन लावून घोळलं. वर पार्सलचं एक बारीक पीस चिकटवलं. लांब धरून बघितलं, आणि त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

असे काही दिवस गेले. वाटी जात होती, वाटी येत होती. बाईंचं मध्ये पोट बिघडलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी भिंतीवरून ओवा दिला आणि बाहेरचं खाऊ नका म्हणून बजावलं. संध्याकाळी बोलणं होत होतं, पण पोस्टमास्तरांना आता त्यात पूर्वीची चव लागेना. बाई काही सांगत असायच्या आणि यांचं लक्ष वाटीकडे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते एक खोटं फार जागा खाणारं वाटतं. आपण भिंतीशी उभे आहोत आणि तरी भिंतीपासून रोज थोडे लांब जातोय, असं त्यांना वाटायचं.

एका संध्याकाळी बाई वाटी घेऊन आल्या. वाटी रिकामी नव्हती. सकाळचं अंडं तसंच्या तसं तिच्यात होतं.

"तुमच्या कोंबड्या हल्ली तारीख घालून अंडी देतात वाटतं," बाई म्हणाल्या.

अंड्याच्या बुडाशी जांभळ्या शाईचा अर्धा आकडा होता.

पोस्टमास्तरांनी तो बघितला. या क्षणी शहाण्या माणसाने बरंच काही म्हटलं असतं. ते म्हणाले, "माझ्याकडे राहून सवय लागली असेल."

बाई हसल्या नाहीत. "आणि तुमची अंडी तुम्ही जमिनीत पुरता. मी गच्चीवरून बघितलं. आधी वाटलं, झाडाला खत घालत असाल. मग रोजच बघितलं." त्यांचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "मी काही मागायला आले नव्हते, पोस्टमास्तर. तुम्ही देत होता म्हणून घेत होते. द्यायचं जड झालं होतं तर तसं सांगायचं. विकतचं आणून, घाण लावून, मला काय म्हणून देत होता?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

पोस्टमास्तरांनी हात पुढे करून अंड्याचा शिक्का खाली वळवला. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग वाटी भिंतीवर ठेवली, या खेपेला हात न ठेवता, आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी पलीकडच्या दाराला कुलूप दिसलं.

"भाचीकडे गेल्या," कंपाउंडरने सांगितलं. "ती कधीची बोलावत होती, एकटी कशाला राहतेस म्हणून. राहायलाच गेल्या म्हणायला हरकत नाही. वर्तमानपत्र तिकडे पाठवायला मला पत्ता देऊन गेल्यात."

पत्ता बदलल्याची सूचना बाईंनी कंपाउंडरकडे दिली होती. सगळं आयुष्य पोस्टात काढलेला माणूस भिंतीपलीकडे राहत असताना. पोस्टमास्तर आत जाऊन खुर्चीत बसले ते दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. त्या संध्याकाळी त्या दोन घरांत एकाही खोलीचा दिवा लागला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. कोंबड्या व्यवस्थित होत्या. मनीऑर्डरसुद्धा वेळेवर अंडी द्यायला लागली होती, पोस्टमास्तर ती वेळेवर पुरत होते. संध्याकाळी ते सवयीने भिंतीशी जायचे. पलीकडच्या दोरीवर बाईंनी विसरलेला एक चिमटा होता. वारा आला की तो या टोकाकडून त्या टोकाकडे सरकायचा. पोस्टमास्तर त्याच्याकडे बघत उभे राहायचे. बायको गेली तेव्हा माणसं आली होती, बसली होती, काय बोलावं ते ठरलेलं होतं. शेजारीण भाचीकडे गेली तर कुणी भेटायला येत नाही. वाईट वाटून घ्यायचा हक्क तरी आहे का आपल्याला, हेही नक्की माहीत नसतं. मुलाचा फोन आला तेव्हा "सगळं ठीक," असं ते नेहमीसारखं म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हातात धरून बसले.

मग डॉक्टरकडे जायचा दिवस आला. तिने तिन्ही कोंबड्या पाहिल्या, औषध कधी थांबवलं ते पुन्हा विचारलं, आणि आता अंडी खायला हरकत नाही म्हणाली. पोस्टमास्तर हलले नाहीत. मन मोकळं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी दुकानातल्या अंड्याची सगळी कथा तिला सांगितली. भुशात घोळल्याचं सांगताना त्यांच्या आवाजात अजून थोडा कारागिराचा अभिमान होता.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काका, चांगल्या स्वच्छ अंड्याला तुम्ही स्वतःच्या हाताने कोंबडीची घाण लावत होता? पोट बिघडवणारे जंतू त्या घाणीतच असतात. कुणी आजारी पडलं नाही ना?"

पोस्टमास्तरांना ओवा आठवला.

तेव्हाच त्यांचं ठरलं. एका चुकीसाठी जायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. दोन झाल्यावर न जाणं शक्य राहिलं नाही. त्यांनी कंपाउंडरकडून पत्ता घेतला, खुराडं त्याच्यावर सोपवलं आणि त्याचे सगळे खिसे तपासून मगच किल्ली दिली. कप्प्यांतली स्वच्छ, कोरडी अंडी निवडून कापसात गुंडाळून डब्यात ठेवली. डबा मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसले. खड्डा आला की ते डब्यासकट सीटवरून वर उचलले जात. शेजारच्या माणसाने विचारलं, "डबा एवढा जपताय, काय आहे?" पोस्टमास्तर म्हणाले, "अंडी." तो माणूस जरा सरकून बसला.

बोलायची वाक्यं त्यांनी पाठ केली होती. भाचीच्या दारात पोचेपर्यंत त्यातली सुरुवातीची हरवली होती. बेल वाजवली. दार बाईंनीच उघडलं.

त्या थोड्या वाळल्या होत्या. त्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"ते औषध होतं," पोस्टमास्तर मधूनच सुरू झाले. "तुमच्या चिठ्ठीतलं. कंपाउंडरने कोंबड्यांच्या पाण्यात घातलं, मला नाव माहीत नव्हतं. तुम्ही ती दोन अंडी खाल्लीत. नंतर मला कळलं. म्हणून घरची पुरत होतो. विकतची आणली ती शोधून आणली, औषध नसलेली. तुम्हाला कळू नये म्हणून भुशात घोळली. तुमचं पोट बिघडलं ते माझ्यामुळे. ओवा देऊन भागलं नसणार."

एवढं सगळं एका श्वासात झालं. बाईंनी दाराची कडी धरून ठेवली होती.

"तुम्हाला माझं ते वावडं लक्षात होतं?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काही लक्षातच नव्हतं."

बाईंनी कडीवरचा हात सैल केला. मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. "म्हणजे तो दिवस. सुईदोऱ्याचा. तुम्ही सारखे येऊन माझ्याकडे बघत होता ते..."

"सूज येतेय का, ते."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यांनी नजर खाली घातली. "मला आपलं उगाच काहीतरी..."

पोस्टमास्तर ढ होते, पण एवढेही नव्हते. बांधलेले केस, बदललेली साडी, खाली बघून हसणं, सगळं त्यांना इतक्या उशिरा, एका परक्या दारात, डबा हातात असताना एकदम पोचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाठ केलेल्यात यासाठी वाक्य नव्हतं.

"त्यासाठीही आलोय," ते म्हणाले.

बाईंनी वर बघितलं.

एवढ्यात आतून भाचीचा आवाज आला. "मावशी, कोण आहे गं? अंडीवाला असेल तर आज नको म्हणावं, आहेत घरात."

खात्याचे माजी प्रमुख अधिकारी अंड्यांचा डबा छातीशी धरून उभे होते. असं काही ऐकून घ्यावं लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि तरीही मागे फिरावंसं त्यांना वाटलं नाही.

"अंडीवाला नाही," बाई आत वळून म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा होता. "माझ्याकडे आलेत."

आणि दार पूर्ण उघडून त्या बाजूला झाल्या.